सुरी केवढी होती

त्या वर्षी आमच्या बसवनगुडीत बायका एकमेकींना भेटल्या की दोनच गोष्टी बोलत, तांदूळ आणि ते जोडपं.

तांदळाचं आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं. साठ-सत्तरच्या मधली ती ओढगस्तीची वर्षं ज्यांनी बेंगळुरात काढली, त्यांना वेगळं सांगायला नको. रेशनच्या दुकानासमोर पहाटेपासून पिशव्या रांगेत उभ्या असत आणि दुपारी हातात पडे तो गहू, नाहीतर अमेरिकेहून आलेली ती लाल मिलो ज्वारी. तिची भाकरी थापताना फाटे आणि खाताना घशात अडके. माझ्या सासरची माणसं कितीतरी पिढ्यांपूर्वी फौजेबरोबर इकडे आली आणि इथलीच झाली. घरात मराठी, पण त्यात निम्मं कानडी, आणि ताटात सारू-भात. चपाती त्यांच्या लेखी जेवण नव्हे, फराळ. सासूबाई पानावर बसल्या की चपातीकडे अशा बघत, जशी ती त्यांच्या माहेरच्यांना काहीतरी वाईट बोलली आहे.

मी बेळगावकडची. लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. घरात आम्ही तिघंच, सासूबाई, आमचे हे आणि मी. सासरे मी यायच्या आधीच गेलेले. हे सकाळी सायकलीवर कारखान्यात जात ते दिवे लागताना परत येत. सासूबाई वाईट नव्हत्या, पण जिभेला हाड नव्हतं. मी तोंड उघडलं की म्हणत, "स्वल्प हळू बोल गं, शेजारी वाटेल भांडण चाललंय." आमच्या गावाकडचा हेलच तसा, त्याला मी काय करू. हळूहळू मी बोलणंच कमी केलं. दुपारी एकटी असले की तुळशीशी आमच्या भाषेत बोलायची. हसू नका, एकोणीस वर्षांची होते मी.

माझे वडील प्राथमिक शाळेत मास्तर. माझ्या मागे दोन बहिणी लग्नाच्या होत्या. निघताना वडिलांनी एवढंच सांगितलं होतं, "बाई, परत येऊ नकोस. आलीस तर या दोघींचं काही खरं नाही." रागावून नव्हते म्हणाले, रडत म्हणाले होते. ते वाक्य मी पदराला बांधूनच आले होते.

आता त्या जोडप्याचं. नवरा-बायको होते आणि भर दुपारी, पुरुष कामावर गेले की घरं लुटत. पहिलं घर गवीपुरात लुटलं, दुसरं मल्लेश्वरात. दोन्ही मराठी घरं. हळदीकुंकवाला जमल्यावर त्या घरच्या बायकांनी स्वतः सांगितलं, मी माझ्या कानांनी ऐकलं. मागच्या दाराने शिरले, त्याच्या हातात सुरी होती, बाई तर पुरुषापेक्षा वाईट, डोळे असे की बघणारीची दातखीळ बसावी. गवीपुरातल्या काकूंनी आपल्या गळ्यावर बोट ठेवून सुरी कुठे टेकवली होती ते दाखवलं. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हापासून आम्ही मागच्या दाराला दोन कड्या घालू लागलो.

सासूबाईंनी तर कपाटातले दागिने काढले, गाठोडं बांधलं आणि तांदळाच्या डब्यात तळाशी घातलं. म्हणाल्या, "चोर कपाट फोडतात. तांदळाला हात लावायची या घरात माझ्याशिवाय कुणाची छाती आहे?" खरंच नव्हती. तो डबा म्हणजे त्यांचं देवघर. आठवड्यातून दोनदा त्यातून मापटं निघे, तेही त्यांच्याच हातून. गाठोडं तिथे आहे हे आम्हा तिघांनाच ठाऊक. आणि ओटीबद्दल त्यांनी ताकीदच दिली होती, यापुढे ओटी गव्हाची भरायची, देवीलाही रेशन कळतं.

तो दिवस गुरुवार होता. सासूबाई रेशनच्या रांगेत गेलेल्या. साधारण अकराचा सुमार. मागचं दार दोन कड्यांनी बंद, आणि पुढच्या दारावर हलकी टकटक झाली. मी खिडकीतून बघितलं. जगलीवर, म्हणजे दाराबाहेरच्या ओट्यावर, एक बाई उभी. अंगावर इरकली, खणाची चोळी, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात चांदीचा करंडा. पोट पुढे आलेलं, सहावा तरी असावा. मागे नवरा, त्याच्या मापाचा नसलेला कोट घातलेला, हातात पत्रिका आणि कापडी पिशवी. खाली मान घालून उभा होता.

"अक्का, हाईसा काय घरात?" ती म्हणाली. "अक्षत द्यायला आलाव. मराठी घर हाय म्हणून कळलं."

काय सांगू तुम्हाला. वर्षभर मी तो हेल ऐकला नव्हता. माझ्या आईचा, मावशीचा, विहिरीवरच्या बायकांचा. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि हात कडीवर गेला. मी दार उघडलं, सुरी लावून कुणी उघडायला लावलं नाही. हे इथेच स्पष्ट सांगून टाकते, कारण पुढे मी याच्या उलट सांगितलं आहे.

आणि माझ्या डोक्यात धोका कसा आला नाही, असं विचाराल तर सांगते. आमच्या डोक्यातला चोर कानडी बोलायचा, नाहीतर तमिळ, नाहीतर शिवाजीनगरच्या बाजारातली हिंदी. मराठी बोलणारं माणूस म्हणजे आपलं माणूस. या शहरात आपली भाषा अशी घरातल्या घरात जपून ठेवलेली, की बाहेरून कुणी तीच घेऊन आलं तर त्याला पाट मांडायचा, एवढंच आम्हाला माहीत. आणि अक्षत घेऊन जोडीनं आलेल्यांना कुणी दारातून परत पाठवतं का?

मी त्यांना आत घेतलं. ती म्हणाली, यशवंतपूरला राहतो, नणंदेचं लग्न आहे, इथे आपलं म्हणायला कुणी नाही, चार मराठी माणसं मांडवात दिसावीत म्हणून घरं शोधत फिरतोय. नवरा बोललाच नाही. मी कपाटातल्या फुलाफुलांच्या कपबश्या काढल्या, मोठ्या पाहुण्यांच्या, ज्यांना हात लावायची मला परवानगी नव्हती. चहा केला. त्याने बशीत ओतून एका दमात संपवला आणि रिकाम्या बशीकडे बघत बसला. त्याच्या बोटांना घट्टे होते. मी विचारलं तेव्हा म्हणाला, मागावर होतो, माग बंद पडले. एवढंच एक वाक्य तो माझ्या घरात बोलला.

मी तिला विचारलं, कितवा. ती म्हणाली, सहावा. मग म्हणाली, "भात खाऊन दोन म्हयनं झालं, अक्का. मिलोचं नाव काढलं तरी पोटात ढवळतंय."

आता सांगा, माहेरची पोटुशी बाई समोर बसलेली, तिची ओटी मी गव्हाने भरू? मी म्हटलं, आत ये, पाट मांडते. तिला मीच स्वयंपाकघरात बोलावलं. तिच्यासमोर डबा उघडला. तांदूळ इतका खाली गेलेला की हात घातला तो गाठोड्यालाच लागला. ते काढून मी फळीवर ठेवलं, तांदूळ काढले, गाठोडं परत आत घातलं. माझी पाठ तिच्याकडे होती. मला वाटलं, तिने कशाला बघावं.

ओटी भरली, नारळ, खण आणि पाच ओंजळी तांदूळ. तिने आमच्याकडची रीत केली, त्यातले चार दाणे उचलून माझ्या ताटात परत टाकले, घर भरलेलं राहावं म्हणून. मग माझा हात दोन्ही हातांत धरला. तिचे हात थंडगार होते. म्हणाली, "दोन फुलं देशील काय केसात घालायला?"

परसात कनकांबर, म्हणजे आपली अबोली, फुललेली. दोन फुलं काय द्यायची म्हणून मी चांगली ओंजळभर खुडली, दोऱ्यात गुंफली. मागच्या दाराच्या दोन्ही कड्या मीच काढल्या होत्या. गजरा घेऊन आत आले तर कुणी नाही. मी हाक मारली. वाटलं, जगलीवर उभे असतील. तिथेही नव्हते. स्वयंपाकघरात डबा आडवा, आत तांदळाचा दाणा नाही, गाठोडं नाही. खाली लाल फरशीवर पिशवीत ओतताना सांडलेले थोडे तांदूळ, आणि ताटात तिने टाकलेले ते चार दाणे. त्या चार दाण्यांचा मला आजही राग येतो. सगळं नेणार होतीस तर ते कशाला टाकलेस, बाई?

मी ओरडले नाही, शेजारी धावले नाही. मी काय केलं असेल? आधी त्यांनी दिलेली पत्रिका न्हाणीघरातल्या हंड्याखाली जाळली. मग कपबश्या विसळल्या आणि जागच्या जागी ठेवल्या. मग गजरा विहिरीत टाकला. चोर गेले ते गेले, आता सासूबाई येणार, एवढंच डोक्यात होतं.

त्या आल्या तेव्हा घामाने थबथबलेल्या होत्या आणि पिशवीत गहूच होता. आडवा डबा बघितला आणि त्या जमिनीवर बसल्या. उठून घरभर फिरल्या, कपाट उघडलं, बंद केलं. मग माझ्यासमोर येऊन शांतपणे विचारलं, "दागिने डब्यात आहेत हे त्यांना कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, चोर आले होते. त्या म्हणाल्या, ते कळलं, मी विचारतेय ते सांग. त्यांनी कुठल्या भाषेत बोलत होते ते विचारलं. मी खोटं बोलायचं विसरले आणि म्हटलं, मराठी. "कुठलं मराठी?" मी खाली वाकून सांडलेले तांदूळ वेचायला लागले. त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला दिसलं. त्यांना वाटलं, माझ्या माहेरची माणसं येऊन सोनं घेऊन गेली आणि मी त्यांना वाट दाखवली.

संध्याकाळी हे आले. सासूबाईंनी त्यांना अंगणात पाय धुऊ दिले आणि मग माझ्यासमोरच म्हणाल्या, "हिच्या वडिलांना पत्र टाक. येऊन घेऊन जाऊ देत. मला हिच्यावर भरवसा नाही." यांनी माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी सांगेन म्हणून वाट बघत होते बिचारे. मला वडिलांचा चेहरा दिसला, दोघी बहिणी दिसल्या, आणि मला काही कळायच्या आत माझ्या तोंडून निघालं, "त्यानं गळ्याला सुरी लावली होती."

बस. घरातलं वारंच बदललं. हे धावत आले, गळा बघायला लागले. मी रडायला लागले आणि ते रडणं खोटं नव्हतं, दिवसभराचं साठलेलं होतं. सासूबाई एक क्षण जागच्या हलल्या नाहीत. मग उठल्या, दूध तापवलं, हळद घातली आणि पेला माझ्या हातात दिला. पत्राचं पुन्हा कुणी काढलं नाही. जीव भांड्यात पडला म्हणतात, तसं झालं.

ठाण्यातून फौजदार आला. जाडसर, थकलेला, बेंगळुरी कानडी बोलणारा. मला कानडी चांगलं येतं, बेळगावकडची आम्ही बहुतेक दोन्ही भाषा घेऊनच जन्मतो. मी सांगितलं, मागच्या दाराने आले, बाई होती, पुरुष होता, सुरी होती. गवीपुरातल्या काकूंनी सांगितलं होतं तेच, शब्दाला शब्द. तो लिहिता लिहिता म्हणाला, "ही तिसरी सुरी."

आठ दिवसांनी चामराजपेठेत चौथं घर लुटलं. एका शाळामास्तरणीचं, माझ्यापेक्षा पाच-सात वर्षांनी मोठी असेल. तिनेही मागच्या दाराला कड्या घातल्या असतील. मी जर खरं सांगितलं असतं, की बाबांनो, ते पुढच्या दाराने येतात, हातात सुरी नाही, करंडा असतो, अक्षत देतात, तर तिने दार उघडलं नसतं. हे मला त्याच दिवशी कळलं होतं. कळूनही मी गप्प बसले. माझी जागा त्या सुरीवर उभी होती आणि ती मला सोडवत नव्हती.

त्यानंतर महिनाभरात ते सापडले. यशवंतपूरच्या स्टेशनवर. चोर म्हणून नव्हे, परवान्याशिवाय तांदूळ नेताना. तेव्हा एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात तांदूळ न्यायला बंदी होती, गाडीत पोलीस पिशव्यांत हात घालून बघत. त्यांच्या पिशवीत तांदूळ सापडला आणि तांदळात सोनं. माझ्या सासूबाईंची युक्ती त्यांनी उचलली होती.

ठाण्यातून बोलावणं आलं. चारही घरच्या बायकांनी यायचं आणि ओळख पटवायची. शिपाई आणखी म्हणाला, घरातलं कुणी मोठं माणूसही येऊ दे, कारण त्या बाईला कानडीचं अक्षर येत नाही, नुसती तुमची भाषा बोलते, आम्हाला काही कळत नाही. हे कामावर होते. सासूबाई म्हणाल्या, मी येते. आणि चांगलं लुगडं नेसून माझ्याबरोबर निघाल्या. टांग्यात मी देवाला म्हणत होते, ती बाई मुकी होऊ दे. असं वाईट मी आयुष्यात कधी मागितलं नाही.

ठाण्याच्या खोलीत बाकावर आम्ही चौघी बसलो. गवीपुरातल्या काकू, मल्लेश्वरातल्या एक वहिनी, ती शाळामास्तरीण आणि मी. सासूबाई फौजदाराच्या शेजारी खुर्चीवर. टेबलावर चौघींच्या जबान्या. तो वाचत होता आणि त्याच्या कपाळावर आठी होती. म्हणाला, सुरी आम्हाला सापडलेली नाही, नीट सांगा, केवढी होती? काकू म्हणाल्या, हातभर. वहिनी म्हणाल्या, भाजीच्या सुरीएवढी. मास्तरीण म्हणाली, मिटता येणारी होती. मग त्याने माझ्याकडे बघितलं. मी घाबरून वीतभर अंतर हातांनी दाखवलं.

तो मान हलवत असतानाच तिला आत आणलं. तीच इरकली, मळलेली. पोट आता चांगलंच दिसत होतं. हाताला शिपाईणीने धरलेलं. फौजदाराने आम्हाला विचारलं, हीच का? काकूंनी मान हलवली, वहिनींनी, मास्तरणीने, मी. मग तो सासूबाईंना म्हणाला, हिला सांगा, हिच्या नवऱ्याने या चौघींच्या गळ्याला सुरी लावली असं यांचं म्हणणं आहे.

सासूबाईंनी तिला मराठीत सांगितलं. तिने ऐकलं. आधी तिला कळलंच नाही. मग ती आमच्याकडे वळली, एकेकीकडे बघत गेली आणि माझ्यावर येऊन थांबली.

"सुरी कुठली, अक्का?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "चौघींनी बी आमास्नी पाटावर बसवलासा. च्या पाजलासा. तू तर तांदळानं ओटी भरलीस. चोरी केलाव, न्हाई म्हणत न्हाई. पण त्यो गडी सुरी कुठनं आणंल? त्येच्या हातात तुमचीच कपबशी हुती."

मी काकूंकडे बघितलं, त्या पदराच्या टोकाकडे बघत होत्या. वहिनी खिडकीकडे. मास्तरणीचे ओठ पांढरे पडले होते. तेव्हा मला समजलं. गवीपुरातही सुरी नव्हती. मल्लेश्वरातही नव्हती. प्रत्येकीने आपल्या हाताने दार उघडलं होतं, चहा केला होता, आणि प्रत्येकीला घरी कुणालातरी तोंड द्यायचं होतं. काकूंची सुरी ऐकून वहिनींनी घेतली, त्यांची मी, माझी मास्तरणीने.

आणि तिथे उभ्या असलेल्या पोलिसांपैकी एकालाही यातला शब्द कळला नव्हता. ती इतकं सगळं बोलली आणि ते आमच्यातच राहिलं.

"एनु हेळ्ताळे?" फौजदाराने विचारलं. काय म्हणतेय ही?

आम्ही चौघींनी सासूबाईंकडे बघितलं. आता त्या सांगणार, आणि संध्याकाळी वडिलांना पत्र जाणार. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. सासूबाई तिच्या पोटाकडे बघत होत्या. मग फौजदाराला म्हणाल्या, कानडीत, अगदी स्वच्छ, "चूक झाली म्हणतेय. माफ करा म्हणतेय."

फौजदाराने लिहून घेतलं. बाईला कळलं असावं, की जे सांगितलं ते तिचं नव्हतं. ती सासूबाईंकडे बघत म्हणाली, "तुमी बी काय, आई?" शिपाईणीने तिला बाहेर नेलं.

पुढे कोर्टात दुभाष्या होता. त्याने तिचं म्हणणं बरोबर सांगितलं. पण सरकारी वकिलाने विचारलं, चार घरंदाज बायका खोटं बोलतात आणि तू खरं? लोक हसले. मला पिंजऱ्यात उभं केलं, खरं सांगेन अशी शपथ घेतली आणि मी सुरी सांगितली. नवरा समोर उभा होता. त्याने मान वर केली नाही, माझ्या घरात चहा पिताना बसला होता तसाच उभा होता. तिला थोडी शिक्षा झाली. त्याला सुरीमुळे कितीतरी जास्त झाली. मूल तुरुंगातच झालं असं पुढे कुणीतरी म्हणालं. मुलगा की मुलगी, ते विचारायची मला हिंमत झाली नाही.

दागिने परत मिळाले. माझ्या बहिणींची लग्नं झाली. मला मुलगी झाली. आमच्या घरात सगळं सुरळीत झालं, असं कुणीही म्हणेल.

फक्त एक होतं. घरी पाहुणे आले की सासूबाई ती गोष्ट सांगायला बसत. आमच्या सुनेच्या गळ्याला सुरी लावली होती, पोरगी मोठी धीराची. आणि मग माझ्याकडे वळून विचारत, "केवढी होती गं सुरी?" मी हातातलं काम ठेवून वीतभर दाखवायची. पाहुणे हळहळत. सासूबाई माझ्या हातांकडे बघत राहत, पाहुण्यांपेक्षा जास्त वेळ. मला त्यांचा संताप येई. वाटे, ही बाई मला वाचवून आता रोज थोडं थोडं वसूल करतेय. चार वर्षं हे चाललं. दर खेपेला तिचा नवरा तुरुंगात होता, आणि दर खेपेला मी वीतभर दाखवत होते.

दशक संपता संपता त्या अंथरुणाला खिळल्या. पोटाचं दुखणं होतं, वैद्याने हात टेकले. एका दुपारी मी त्यांना पेज भरवत होते. तेव्हा तांदूळ मिळायला लागला होता. मुलगी झोपलेली, हे कामावर, घरात आम्ही दोघीच. त्यांनी चमचा बाजूला सारला आणि म्हणाल्या, "केवढी होती गं सुरी?"

पाहुणे नव्हते. ऐकणारं कुणी नव्हतं. आणि माझे हात, मेले, आपोआप वर आले आणि वीतभर अंतरावर थांबले.

त्या खूप वेळ बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले, ते मी पहिल्यांदाच बघत होते.

"त्या दिवशी मी रांगेतून आले तेव्हा फुलांच्या कपबश्या ओल्या होत्या," त्या म्हणाल्या. "कपाटात ठेवल्या होत्यास, पण पुसल्या नव्हत्यास. ठाण्यात मी तुझ्यासाठी खोटं बोलले. मला वाटलं, घरी आल्यावर मला तरी खरं सांगशील."

मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. पेज निवत होती आणि माझे हात अजून खाली आले नव्हते.